सात रकान्यांचा रविवार

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नागपुरात प्रतापनगर भागात राहते आणि बँकेत नोकरी करते. दर रविवारी सकाळी मी आठवड्याभरात आवडलेल्या गोष्टींचे एक टिपण लिहून बहिणींना, भाचरांना आणि कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणींना मोबाइलवर पाठवते. चित्रपट, मालिका, पुस्तक, गाणे, खाणे, प्रवास आणि खरेदी असे सात रकाने मी ठरवून घेतले आहेत. सुरुवातीला यात फार आनंद वाटायचा. आता शुक्रवार उजाडला की रिकामे रकाने डोळ्यांपुढे येतात. मालिका दीडपट वेगाने पाहून संपवते, पुस्तकाची शेवटची पाने नुसती चाळते. पुण्याचा भाचा परवा म्हणाला, “मावशी, हे सगळं मला आधीच माहीत असतं गं.” मैत्रिणी युरोपची आणि व्हिएतनामची छायाचित्रे पाठवतात, त्यांच्यापुढे मी रामटेक लिहिले की मलाच ओशाळल्यासारखे होते. त्यातच एका नातलगांनी पेंचच्या जंगलाजवळ पर्यटकांसाठी मुक्कामाची सोय सुरू केली आहे आणि तिचे नाव मी टिपणात घालावे असा त्यांचा आग्रह आहे. न आवडलेल्या गोष्टींबद्दल लिहावे की नाही, हेही मला ठरवता येत नाही. हे टिपण बंद करावे, की वेगळ्या रीतीने लिहावे? आणि ज्या आठवड्यात काहीच आवडले नाही, त्या आठवड्यात काय करावे?

एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

टिपण बंद करू नका, रकाने बंद करा. तुमच्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ मला त्या सात रकान्यांत दिसते, म्हणून बाकीच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

एखादी गोष्ट आवडणे आपल्या हाती नसते. आठवडाभर आपण काही पाहतो, वाचतो, ऐकतो, खातो, कुठे तरी जाऊन येतो, आणि त्यातले बहुतेक सगळे आल्या वाटेने निघून जाते. एखादेच मागे राहते, दोन दिवसांनी भाजी चिरताना पुन्हा आठवते आणि कुणाला तरी सांगावेसे वाटते. हे सांगावेसे वाटणे हेच तुमच्या टिपणाचे भांडवल होते, आणि सुरुवातीचा जो आनंद तुम्ही लिहिला आहे तो त्यातूनच आलेला होता. पुढे रकाने ठरले आणि क्रम उलटला. ‘खरेदी’ रिकामी आहे म्हणून काहीतरी विकत घ्यावे, ‘मालिका’ रिकामी आहे म्हणून शुक्रवारी रात्री जागून भाग उरकावेत, आणि मग ती आवडली की नाही हे नीट उमगण्यापूर्वीच ‘आवडली’ असे लिहून टाकावे, असे होऊ लागले. ज्या कामात जागा आधी तयार होते आणि त्या जागेत भरायला वस्तू नंतर शोधली जाते, त्या कामाचा शीण येणारच. दिवसभर बँकेत आकड्यांचे रकाने भरून घरी येणाऱ्या माणसाला तर तो अधिकच येतो.

तेव्हा रविवारच्या टिपणात एक ते तीन गोष्टी असाव्यात, त्या कोणत्याही प्रकारच्या असाव्यात, आणि त्या नव्याच असल्या पाहिजेत असे बंधन नसावे. तिन्ही गाणीच असतील तर तिन्ही गाणी असू द्या. वीस वर्षांपूर्वी वाचलेले पुस्तक या आठवड्यात कपाटातून काढून पुन्हा वाचावेसे वाटले असेल, तर ते या आठवड्याचेच आहे. शनिवारी रात्री, दिवसभराची कामे आटोपल्यावर, या आठवड्यातले अजून मनात काय आहे एवढेच आठवून पाहा, आणि ज्याचे नाव पटकन वर येते त्याच्याविषयी लिहा. बाकीचे राहू द्या.

आता तुमच्या भाच्याचे म्हणणे. ते तुम्हाला लागले असणार, पण तो काही खोटे बोलला नाही, आणि त्याला आधीच माहीत असते यामागचे कारण समजून घेतले तर पुढचा मार्ग सोपा होतो. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी यांच्या आवाजात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे बुधवारची रात्र घराघरांत तिच्यासाठी राखून ठेवली गेली. आठवड्याच्या आवडींचा इतका गाजलेला दुसरा आढावा या देशात झाला असेल असे मला वाटत नाही. गाण्यांचा क्रम तिथे तबकड्यांच्या खपावरून आणि श्रोत्यांच्या कौलावरून लागत असे. म्हणजे तो आढावा अनेकांच्या आवडीचा होता, आणि गावोगावी विखुरलेल्या श्रोत्यांना देशभर काय ऐकले जात आहे हे कळण्याचे दुसरे साधन हाताशी नसल्यामुळे त्याचे मोलही मोठे होते. आज ते काम यंत्रे करतात. चित्रपट-मालिकांचे कोणतेही ॲप उघडले की सध्या देशात सर्वाधिक काय पाहिले जाते त्याची यादी पहिल्याच पडद्यावर दिसते, आणि प्रतापनगरात तुमच्या मोबाइलवर जो पडदा दिसतो, थोड्याफार फरकाने तोच पुण्यात तुमच्या भाच्याच्या मोबाइलवर दिसतो. रकाना भरण्याच्या घाईत माणूस त्याच पडद्यावरून उचलतो. मग भाच्याला ते आधीच माहीत असणे ओघानेच आले.

त्याला माहीत नसते ते एवढेच, की त्याच्या मावशीला त्यातले काय भावले आणि का. एखादा चित्रपट त्यानेही पाहिलेला असू शकतो. तरीही त्या चित्रपटातल्या आईने डबा भरताना मुलाकडे न पाहता जे वाक्य उच्चारले, ते ऐकून तुम्हाला तुमच्या आईची आठवण का झाली, हे तुमच्याशिवाय त्याला कोण सांगणार? शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी असलेल्या चित्रपटाबद्दलही नवे लिहिता येते, पण त्यासाठी ‘उत्तम’, ‘अप्रतिम’, ‘नक्की पाहा’ या शब्दांना रजा द्यावी लागते. हे शब्द वाईट नाहीत, पण ते कोणत्याही गोष्टीला चिकटवता येतात, आणि त्यामुळे ज्या गोष्टीला ते चिकटले आहेत तिच्याविषयी काहीच सांगत नाहीत. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ नागपुरात घडतो आणि त्यातली बरीचशी मुले नागपूरच्या वस्त्यांमधलीच आहेत. त्यात अमिताभ बच्चन आहेत हे पुण्याच्या वाचकाला ठाऊक असतेच. त्या मुलांची बोली आपल्याकडे प्रत्यक्षात ऐकू येते तशीच आहे का, त्यातल्या रेल्वेरुळांच्या कडेच्या भिंती आणि मैदाने पाहताना या शहरात राहणाऱ्या माणसाला काय वाटते, हे लिहिण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो तुम्ही वापरावा असे मला मनापासून वाटते.

आवडीच्या नोंदीत कारण असावे, प्रसंग असावा, आणि ती कोणासाठी आहे, कोणासाठी नाही हेही असावे. रामटेकचेच उदाहरण घेते, कारण त्यावरून तुम्ही ओशाळलात आणि मला ते पत्रात सर्वांत जास्त खुपले. पत्रासोबत पाठवलेल्या टिपणात तुमचे वाक्य असे आहे: ‘रामटेक, निसर्गरम्य आणि ऐतिहासिक ठिकाण, एकदा अवश्य भेट द्या.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही गडाला, घाटाला किंवा देवळाला चालेल. त्याऐवजी असे लिहून पाहा:

‘पाऊस संपल्यावर, आश्विनात, रामटेकला गेले. नागपूरहून साधारण पन्नास किलोमीटर. गाडी वरपर्यंत जाते, पण आम्ही अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढलो, कारण तलावाकाठची जुनी देवळे आणि घाट मला बघायचे होते. वर राममंदिराकडे सगळे घाईने जातात. त्याच टेकडीवर नरसिंहाची दोन मंदिरे आहेत, ती वाकाटकांच्या काळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची, आणि तिथे फारसे कोणी थांबत नाही. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे जवळचेच नगरधन, आणि गुप्त सम्राटाची मुलगी प्रभावतीगुप्त या घराण्यात सून म्हणून आली आणि पुढे तिने राज्यकारभारही पाहिला, हे मनात ठेवून त्या मंदिरांपुढे उभे राहिले की टेकडी वेगळीच दिसते. एकाच दगडातला मोठा वराहही चुकवू नये. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गाडीनेच जावे, आणि खाण्याची पिशवी हातात उघडी धरू नये, माकडे ती ओढतात.’

हे वाचून तुमच्या मैत्रिणीला ठरवता येते की आपण जावे की नाही, कधी जावे, गेल्यावर कुठे थांबावे आणि सोबत सासूबाईंना न्यावे की नाही. मेघदूतातला यक्ष ज्या रामगिरीवर विरहाचे दिवस काढतो तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असे नागपूरचे विद्वान महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. इतरांची मते वेगळी आहेत, आणि तोही मतभेद एका वाक्यात सांगण्यासारखा आहे. ज्या टेकडीवरून संस्कृतचे पंडित वाद घालत आले, तिच्याविषयी लिहिताना व्हिएतनामच्या छायाचित्रांपुढे संकोच वाटण्याचे काय कारण?

अंतर जास्त म्हणून प्रवास मोठा, ही समजूत तुमच्या पत्रात न लिहिता बसलेली आहे, आणि ती तुमचे फार नुकसान करते आहे. तुम्हाला सुट्या मोजक्याच मिळतात. त्या सुट्यांत दूर जाता येत नाही, म्हणून प्रवासाचा रकाना रिकामा, म्हणून जुन्या सहलीचे छायाचित्र शोधायचे, असे चक्र होत असणार. याउलट मला असे सुचवावेसे वाटते की, अर्ध्या दिवसाचा आणि एकाच ठिकाणाचा प्रवास करा, आणि त्यातही एकाच गोष्टीसाठी जा. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे आहे; नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात आणि बहुतेकांनी ते शाळेच्या सहलीत एकदा पाहिलेले असते, त्यानंतर पुन्हा पायरी चढलेली नसते. तिथे जाऊन सगळी दालने धावतपळत पाहू नका. एका रविवारी फक्त शिलालेखांपुढे उभे राहा, दुसऱ्या खेपेला फक्त आदिवासी कलेचे दालन पाहा, आणि त्यातल्या एकाच वस्तूबद्दल दहा ओळी लिहा. सीताबर्डीचा किल्ला आपण रोज येता-जाता खालून पाहतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आत जाता येते. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज त्या टेकड्यांवर लढली आणि नागपूरच्या राज्याचे भवितव्य तिथे ठरले. वर्षातून इतक्या थोड्या दिवशी उघडणारे दार तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर आहे. त्याच्या आदल्या रविवारच्या टिपणात ते लिहिले, तर नागपुरातल्या तुमच्या वाचकांना त्याचा खरोखर उपयोग होईल.

वर्ध्याची दिशाही तुम्ही धरू शकता. रेल्वेने तासा-सव्वातासात सेवाग्राम गाठता येते आणि संध्याकाळी घरी परतता येते. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. बापूकुटी पाहताना माणसे बहुधा हात जोडून पुढे सरकतात; मी तुम्हाला सांगेन की त्या मातीच्या भिंती, कौले, खिडक्यांची उंची आणि सामानाचा अभाव यांकडे निवांतपणे पाहा, साप न मारता पकडून दूर सोडण्यासाठी त्या काळी तिथे वापरले जाणारे साधन पाहा, आणि मग धाम नदीच्या काठी पवनारला विनोबांच्या आश्रमात थोडा वेळ बसा. परतताना गाडीतच चार ओळी उतरवून ठेवा, कारण घरी पोहोचल्यावर कुकर लावण्यात त्या विसरल्या जातात.

ऋतूचा उल्लेख मात्र कधीही गाळू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; त्या दिवसांत पुण्याहून आलेल्या भाच्याला तुमच्या सल्ल्यावरून कोणी दुपारी टेकडी चढायला लावली, तर तो पुन्हा तुमचे टिपण उघडणार नाही. पावसाळ्यात जंगलांचा गाभ्याचा भाग पर्यटकांसाठी बंद असतो आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडतो. खाण्यालाही ऋतू असतो. नागपुरी संत्र्याचे दोन बहर आहेत, आंबिया बहराची फळे दिवाळीच्या सुमारास येतात आणि मृग बहराची फेब्रुवारीपासून पुढे. इतर गावांच्या लोकांना हे ठाऊक नसते आणि ते कोणत्याही महिन्यात येऊन नागपूरची संत्री मागतात. दोन्ही बहरांची फळे खाऊन पाहून त्यांच्या सालीत, रसात आणि गोडीत तुम्हाला काय फरक जाणवला, एवढेच एखाद्या रविवारी लिहा. मला स्वतःला असे टिपण एखाद्या नव्या हॉटेलच्या वर्णनापेक्षा कितीतरी अधिक आवडेल.

लोकांच्या करमणुकीचा जो भाग आपल्या विदर्भाचा आहे आणि मोठ्या शहरांतल्या याद्यांत कधीच येत नाही, तोही तुमच्या टिपणात यावा. दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मांडव पडतो, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. गाणी असतात, विनोद असतो, आणि शेतावरून आलेली माणसे घोंगड्या पांघरून ते शेवटपर्यंत पाहतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे मुख्य ठिकाण आहे, आणि या रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीबद्दल वर्तमानपत्रांतून सतत लिहिले जाते, आणि तिकिटे काढून रात्रभर नाटक पाहणारा हा एवढा मोठा प्रेक्षक मात्र आपल्याच राज्यातल्या कितीतरी वाचकांना माहीत नसतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. तुमच्या बँकेत त्या भागातून बदलून आलेले सहकारी असतील तर त्यांना विचारा, एखाद्या शनिवारी त्यांच्या गावी जा, आणि जे पाहाल ते लिहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी काळी आणि पिवळी मारबत (मिरवणुकीतले मोठे पुतळे), त्यांच्यासोबतचे बडगे (थट्टेचे पुतळे) आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही हाक आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणाला सांगण्यासारखी आहे हेच आपण विसरतो. बडग्यांवर त्या त्या वर्षीचा लोकांचा राग आणि थट्टा असते. यंदा कोणकोणते बडगे निघाले याची नोंद मावशीकडून आलेली असेल, तर भाचा ती नक्की वाचेल.

दीडपट वेगाविषयी थोडक्यात सांगते. जे त्या वेगाने पाहिले ते टिपणात घालू नका, कारण कलाकृतीतले थांबणे, पात्राच्या उत्तरापूर्वीची शांतता, गाण्याच्या आधीचा श्वास हे सगळे त्यात गेलेले असते, आणि आवड बहुधा तिथेच जन्मते. पुस्तक अर्धे वाचून झाले असेल तर ‘अर्धे वाचले आहे, इथवर आवडले’ असे लिहायला काहीच हरकत नाही. वाचकाला ते प्रामाणिक वाटते, आणि पुढच्या रविवारी उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिण्याची सोयही होते.

नातलगांच्या पेंचजवळच्या मुक्कामाचा प्रश्न नाजूक आहे, आणि तो तुम्ही मोकळेपणाने विचारलात हे बरे केले. तुमच्या टिपणावर पंचवीस-तीस माणसे विश्वास ठेवतात. त्या विश्वासाखेरीज तुमच्याजवळ दुसरे काही नाही, आणि ते दुसऱ्या कोणाच्या व्यवसायासाठी वापरायचे असेल तर वाचकांना ते उघड दिसले पाहिजे. तुम्ही अजून तिथे राहिला नसाल तर लिहू नका, मग आग्रह कितीही होवो. राहिला असाल, तर आधी नाते सांगा, पैसे देऊन राहिलात की पाहुण्या म्हणून ते सांगा, आणि नंतर इतर कोणत्याही जागेबद्दल लिहाल तसेच लिहा: खोली कशी होती, पाणी आणि स्वच्छता कशी होती, जंगलाचे कोणते फाटक तिथून जवळ पडते, रात्री आवाज येतात का. नातलगांना हे पटणार नसेल, तर त्यांना नम्रपणे सांगा की आवड म्हणून लिहिता येणार नाही, पण तुमच्या मुक्कामाची माहिती मी सगळ्यांना वेगळ्या निरोपाने, तुमच्याच नावाने कळवीन. बहुतेक माणसांना एवढे पुरते. पेंचबद्दल तुम्हाला लिहायचेच असेल, तर त्या मुक्कामाशिवायही विषय आहे: महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, म्हणजे रात्रीचे आकाश दिव्यांच्या उजेडापासून राखून ठेवलेले क्षेत्र. वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परतणाऱ्या मंडळींना अमावास्येच्या सुमारास जाऊन नुसते आकाश पाहण्याचा सल्ला तुम्ही देऊ शकता. पक्ष्यांच्या घरट्यांची नेमकी जागा, किंवा ज्या छोट्या तळ्यावर अजून गर्दी होत नाही त्याचा नकाशा मात्र कोणालाही पाठवू नका. टिपण पुढे पुढे जात राहते आणि ते कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हाती राहत नाही.

न आवडलेल्या गोष्टींविषयी म्हणाल, तर हे टिपण मुळात आवडींचे आहे, तेव्हा तिथे त्यांना जागा देण्याची गरज मला वाटत नाही. एकच अपवाद करावा. तुमच्या आधीच्या शिफारशीवरून कोणी जाणार असेल आणि दरम्यान ती जागा बिघडली असेल, तिकीट वाढले असेल, रस्ता बंद असेल किंवा एखाद्या मालिकेचा दुसरा भाग पहिल्याची सर राखणारा नसेल, तर ते एका ओळीत कळवावे. तेवढे वाचकांचे देणे आहे.

शेवटचा प्रश्न रिकाम्या आठवड्याचा. मार्चअखेरीस बँकेत तुमचे काय होते याची मला कल्पना आहे. त्या दिवसांत घरी येऊन जेवून झोपण्यापलीकडे काही घडत नाही. अशा रविवारी ‘या आठवड्यात सांगण्यासारखे काही नाही, पुढच्या रविवारी भेटू’ एवढेच पाठवा. त्यासाठी क्षमा मागू नका, जुन्या सहलीचे छायाचित्र काढू नका, आणि ॲपच्या पहिल्या पडद्याकडे तर जाऊच नका. दुसरा मार्ग असा, की त्या रविवारी तुम्ही लिहू नका, वाचकांना विचारा: बहिणींपैकी एकीला, एखाद्या मैत्रिणीला किंवा त्या पुण्याच्या भाच्यालाच सांगा की या वेळी तुझी एक आवड कारणासह लिहून पाठव, आणि ती त्याच्या नावानिशी सगळ्यांना पाठवा. त्याला आधीच सगळे माहीत असते असे तो म्हणतो. त्याला जे माहीत आहे त्यातले खरोखर काय आवडले आणि का, हे दहा ओळींत लिहायला त्याला शनिवार संध्याकाळपर्यंतची मुदत द्या.